एकट्याचा छंद आणि चौघांचें मंडळ

घरोघरच्या माळ्यावर अशी एकादी पेटी असतेच कीं, जी उघडण्याचा धीर कोणास होत नाहीं आणि टाकून देण्याचाही होत नाहीं. आमच्या निगडी प्राधिकरणांत शेजारच्या वहिनींच्या घरीं अशीच एक पत्र्याची पेटी आहे. त्यांचे यजमान गेल्या वर्षीं निवर्तले. पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यांत त्यांनीं उभी हयात नोकरी केली, निवृत्तीच्या आधीं येथें बैठें घर बांधलें, आणि नोकरी व संसार यांतून जो वेळ उरे तो पोस्टाचीं तिकिटें जमविण्यांत घालविला. मुलगा परदेशीं, मुलगी बंगळूरला. एवढें घर आतां एकटीला आवरत नाहीं, म्हणून वहिनी लहान जागेंत जाण्याच्या विचारांत आहेत. श्रावणांतल्या एका दुपारीं त्या येऊन म्हणाल्या, “भाऊजी, पेटींत यांच्या सात वह्या आहेत. कांहीं किंमतीच्या असतील तर कोणाला तरी देऊन टाकूं. नसतील तर रद्दीवाला आहेच. तुम्ही एकदां पाहून सांगा.”

लहानपणीं मींही थोडींफार तिकिटें जमविलीं होतीं. तेवढ्याच भांडवलावर मी परीक्षक होऊन दुसऱ्या दिवशीं त्यांच्याकडे गेलों. वह्या उघडल्या आणि थक्क झालों. काय ती टापटीप! देशवार पानें, सालवार ओळी, प्रत्येक तिकीट पारदर्शक पट्टीखालीं सरळ रेषेंत बसविलेलें. परंतु सातही वह्यांत अक्षर म्हणून नव्हतें. कोणतें तिकीट कोठून आलें, कोणाशीं बदलून घेतलें, तें जपण्याजोगें कां वाटलें, याची एका शब्दाचीही नोंद नाहीं. सगळी माहिती त्या गृहस्थांच्या डोक्यांत होती आणि ती त्यांच्याबरोबरच गेली. या विषयावर बोलावयास त्यांना जवळपास कोणी नव्हतें. घरच्या माणसांनीं कौतुकानें पाहिलें, पण विचारलें नाहीं. आणि त्यांनींही आपण होऊन कधीं सांगितलें नाहीं. चाळीस-पन्नास वर्षांचा संग्रह, आणि त्याचा अर्थ सांगणारें कोणी नाहीं!

माझ्याबरोबर समोरच्या इमारतींतला, सातवींत शिकणारा एक मुलगा उगाच पाहावयास म्हणून आला होता. त्याच्या हातीं मीं भिंग दिलें. एका पानावर तो थांबला. “आजोबा, हीं आठ तिकिटें एकसारखींच आहेत. एवढीं कशाला ठेवलीं?” तीं कुटुंबनियोजनाचें चित्र असलेलीं पांच पैशांचीं तांबडीं तिकिटें होतीं व त्यांवर ‘रेफ्यूजी रिलीफ’ असा जादा ठसा होता. एवढें मात्र मला ठाऊक होतें. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून सुमारें एक कोटि निर्वासित भारतांत आले. त्यांच्या साहाय्यासाठीं सरकारनें १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पांच पैशांचा जादा आकार बसविला. आरंभीं चालू तिकिटांवरच ठसा मारून काम भागविलें. पुढें त्यासाठीं स्वतंत्र तिकीट निघालें. ३१ मार्च १९७३ पर्यंत हा आकार चालू होता. पाकिटावर तिकीट आधींच छापलेलें असलें तरी शेजारीं हें पांच पैशांचें चिकटवावें लागे. मीं हें सांगत होतों तोंवर तो मुलगा शिक्क्यांचीं अक्षरें लावीत होता. “आजोबा, सगळ्यांवर एकच गांव आहे. वाई.”

चहा घेऊन आलेल्या वहिनी दारांतच थबकल्या. “काय म्हणालास? पुन्हां वाच बरें.” मुलानें पुन्हां वाचलें. एकावर डिसेंबर १९७१ स्पष्ट होता, दुसऱ्यावर जानेवारी १९७२. वहिनी खुर्चीवर बसल्या. “थोरल्याच्या वेळीं मी वाईला माहेरीं होतें. लढाई चालली होती, जिवाला घोर लागे, म्हणून दर आठवड्यास यांना पत्र टाकीत असें. तीं पत्रें माझ्या ट्रंकेंत अजून आहेत. पाकिटें कोठें गेलीं याचा मीं कधीं विचारच केला नाहीं.”

बाजारांत त्या आठ तिकिटांना कोणी फारसें कांहीं देणार नाहीं. परंतु त्या दुपारीं त्यांची जी किंमत झाली ती कशानें झाली, याचा मी घरीं येऊन पुष्कळ विचार केला. मुलाचे डोळे तीक्ष्ण, पण त्याला १९७१ साल ठाऊक नव्हतें. मला साल ठाऊक होतें, पण शिक्का वाचण्याइतकी दृष्टि राहिली नाहीं. वहिनींना वाईचा तो हिंवाळा आठवत होता, पण त्यांनीं ती वही कधीं उघडलीच नव्हती. तिघें एका टेबलाभोवतीं बसलों तेव्हां तें पान बोलूं लागलें. तिकिटांचें मंडळ म्हणजे याहून निराळें काय असतें? आणि असें मंडळ निगडींत पंधरा-वीस वर्षांपूर्वीं असतें, तर त्या सात वह्या मुक्या राहिल्या नसत्या, हेंही तितकेंच खरें.

संग्राहक एकलकोंडा असतो असा एक समज आहे. या छंदाचा इतिहास मात्र उलट साक्ष देतो. चिकटवावयाचें पहिलें तिकीट इंग्लंडांत ६ मे १८४० पासून चालू झालें. आपल्याकडे १ जुलै १८५२ रोजीं सिंध प्रांतांत कमिशनर बार्टल फ्रिअर यांनीं अर्ध्या आण्याचें ‘सिंध डाक’ तिकीट काढलें. तें आशियांतील पहिलें. हेच फ्रिअरसाहेब पुढें मुंबईचे गव्हर्नर झाले व त्यांच्याच कारकीर्दींत मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले. १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व हिंदुस्थानासाठीं एकच तिकिटें आलीं. १८६४ सालीं एर्पें नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें या छंदास ‘फिलाटेली’ हें नांव बसविलें, आणि १८६९ सालीं लंडनला संग्राहकांची संस्थाही निघाली. म्हणजे पहिल्या तिकिटाला अजून तीस वर्षें झालीं नव्हतीं, तोंच जमविणाऱ्यांना एकमेकांची गरज भासूं लागली होती.

ती गरज निव्वळ गप्पागोष्टींची नव्हती. एकट्या तिकिटावरून फार थोडें कळतें. तशींच शंभर तिकिटें शेजारीं शेजारीं ठेवलीं म्हणजे पुष्कळ कळतें. आणि तशीं शंभर एकाच्याच जवळ क्वचित् असतात. १८५४ सालचें चार आण्यांचें तिकीट घ्या. त्याची चौकट तांबडी व राणीचें मस्तक निळें. दोन रंग म्हणून कागद यंत्रांतून दोनदां काढावा लागे, आणि कांहीं कागद दुसऱ्या वेळीं उलटे गेल्यामुळें थोड्या तिकिटांवर राणी डोकें खालीं करून उभी राहिली. आज तीं जगांतल्या अत्यंत दुर्मिळ तिकिटांत मोडतात. अशा चुका कशा झाल्या, खरें कोणतें व बनावट कोणतें, कागद कोणता, छिद्रें किती, याचें शास्त्र बनलें तें अनेकांनीं आपापले तुकडे एका टेबलावर आणून ताडून पाहिल्यामुळें.

हिंदुस्थानांत राहणाऱ्या इंग्रज संग्राहकांनीं १८९७ सालीं कलकत्त्यास ‘फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापिली व आपलें नियतकालिकही काढलें. १८९७ हें साल आम्हां चिंचवड-निगडीकरांना दुसऱ्याच कारणानें ठाऊक आहे. त्या वर्षीं २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव चालू असतांना, त्याच रात्रीं पुण्यांत गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या दामोदर हरि चापेकरांनीं आपल्या भावासह प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर हल्ला केला; गोळी दामोदरपंतांनीं झाडली. त्या काळीं हिंदुस्थानच्या टपालावर चेहरा असे तो एकट्या राणीचा. पुढच्याच वर्षीं दामोदरपंत फांसावर गेले. २०१८ सालीं भारताच्या टपाल खात्यानें जें तिकीट काढलें त्यावर चेहरा आहे तो दामोदरपंतांचा. एका बाजूस राणीचें अर्ध्या आण्याचें व दुसऱ्या बाजूस हें, अशीं दोन तिकिटें एका पानावर लावून मुलापुढें ठेवावीं. इतिहासाच्या तासाला जें दहा पानांत सांगावें लागतें तें त्याला तेथें दिसेल. मात्र शेजारीं बसून सांगणारा कोणी तरी हवा, आणि ऐकणारा हवा.

कोणी म्हणेल, आतां पत्रेंच कोण लिहितो? आक्षेप खरा आहे. जुनी मनीऑर्डर २०१५ सालीं बंद झाली. रजिस्टर टपालाची स्वतंत्र सोयही १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टांत विलीन झाली. परंतु याच कारणास्तव हें काम आजच हातीं घ्यावयास पाहिजे, आणि निगडीसारख्या गांवांत तर विशेषच. आमचें हें गांव पत्रांवर उभें राहिलेलें आहे. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलीनचा कारखाना स्थापन झाला, मागोमाग आकुर्डी-चिंचवडला मोटारींचे, स्कूटरींचे, यंत्रांचे कारखाने आले, आणि १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण स्थापन होऊन पुढें सेक्टरवार वस्ती वसली. येथें आलेला माणूस सातारा, सोलापूर, मराठवाडा, कोंकण, केरळ, बंगाल, कोठला म्हणून नव्हता! नोकरीचें बोलावणें त्याला टपालानें आलें, पगारांतले पैसे घरीं टपालानें गेले, मुलगी पाहावयास या म्हणून निरोप टपालानें आला, आणि आई गेल्याची तारही टपाल कचेरींतूनच आली. तीं पाकिटें आज प्राधिकरणांतल्या कपाटांत, ट्रंकांत, देव्हाऱ्याखालच्या खणांत पडून आहेत. ज्यांना त्यांचा अर्थ लागतो ते आज पंचाहत्तरीच्या घरांत आहेत. बैठीं घरें पाडून उंच इमारती उठत आहेत, आणि प्रत्येक घर पडतांना माळ्यावरची एक पेटी रद्दींत जात आहे. हें गांव वसलें कसें याचा पुरावा वजनाच्या भावानें विकला जात आहे, असेंच म्हणावें लागतें.

तेव्हां मंडळ काढावें कसें, हें व्यवहाराच्या भाषेंत सांगतों. यास ना वर्गणीचा मोठा आंकडा लागत, ना अध्यक्षाची खुर्ची. चार-पांच माणसें पुरेत. मात्र तीं एका वयाचीं नसावीं. एक-दोन निवृत्त, एकादी गृहिणी, दोन-तीन मुलेंमुली असा मेळ उत्तम. महिन्यांतला एक ठरलेला रविवार, एक तास, कोणाच्या ओसरीवर किंवा वाचनालयाच्या खोलींत. प्रत्येकानें एकच तिकीट किंवा पाकीट आणावें आणि त्याविषयीं पांच मिनिटें बोलावें. मुलांना विषय सुचत नाहीं असें म्हणूं नये. गांधीजींचीं १९४८ सालचीं तिकिटें स्वित्झर्लंडमध्यें कां छापलीं, एवढा एकच प्रश्न त्यांच्यापुढें टाकून पाहावा. स्वदेशीचा एवढा पुरस्कार करणाऱ्या महात्म्याचीं तिकिटें परदेशीं छापलेलीं! मुलें शोधूं लागतील. मग त्यांना कळेल कीं, त्या तिकिटांसाठीं जी फोटोग्रॅव्ह्यूरची छपाई हवी होती ती नाशिकच्या सरकारी छापखान्यांत तेव्हां होत नव्हती. १९५२ सालीं कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब व रवींद्रनाथ यांचीं तिकिटें निघालीं तेव्हां ती सोय नाशिकला झालेली होती. एका प्रश्नांतून छपाईचें तंत्र, देशाची तत्कालीन साधनसामग्री आणि आपल्याच महाराष्ट्रांतील एका छापखान्याचा मोठेपणा, इतकें बाहेर येतें.

दुसरी गोष्ट नोंदवहीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सभेंत जें जें दाखविलें जाईल त्याची नोंद मुलांनीं लिहावी: वस्तु काय, कोणाची, कोठून व केव्हां आली, आणि ती त्या व्यक्तीनें कां जपली. शेवटच्या रकान्यासाठीं वडील माणसांना बोलतें करावें लागेल. पण मंडळाचें खरें काम तेंच आहे.

हत्यारें थोडकींच. एक बोथट टोंकाचा चिमटा, एक भिंग, आणि तिकिटें सरकविण्यासाठीं पट्ट्यांची वही. तिकिटास बोटें लावूं नयेत, कारण हाताचा घाम व तेल कागदांत मुरतें. आमच्याकडचा पावसाळा ओलसर. म्हणून न वापरलेलीं, गोंद असलेलीं तिकिटें एकावर एक ठेवूं नयेत, वह्या आडव्या न रचतां उभ्या ठेवाव्या, कपाटांत ओल शोषणारी पुडी ठेवावी व कोरड्या दिवसांत वह्यांना वारा द्यावा. सुटीं करावयाचीं साधीं तिकिटें थंड पाण्यांत अर्धा तास भिजवावीं. तीं आपोआप सुटतात, ओढूं नयेत. मग चित्र खालीं करून टीपकागदावर वाळवावीं. मात्र हा प्रयोग जुन्या पाकिटांवर कदापि करूं नये. जुनें पाकीट अखंड ठेवावें. तिकीट, शिक्का, पत्ता, आलेल्या व गेलेल्या तारखा हीं सर्व मिळून एक कथा असते. तिकीट कापून घेतलें कीं त्या कथेचें एक अक्षर हातीं राहतें आणि बाकीचें पुस्तक जातें. वहिनींच्या यजमानांनीं नवशिकेपणीं तेंच केलें होतें. शिक्का नेमका तिकिटावर पडला होता म्हणून वाई हातीं लागली. कडेला पडला असता तर तीही गेली असती.

अदलाबदलीविषयीं दोन शब्द कठोरपणें लिहावे लागतात. कोणताही संग्रह म्हटला कीं लोभ आलाच. म्हणून अदलाबदल सर्वांसमक्ष व्हावी, आणि मोठ्या माणसानें मुलाकडून कांहीं घ्यावयाचें असेल तर त्याची किंमत मुलाला आधीं सांगून घ्यावें. लहानाच्या अज्ञानावर आपली वही भरणें ही चोरीच होय, मग ती कितीही सभ्य स्वरूपांत असो. तसेंच, ‘हें तिकीट लाखांचें आहे’ अशा बातम्यांनीं मुलांचीं डोकीं फिरवूं नयेत. सिंध डाक किंवा उलट्या मस्तकाचें तिकीट आपल्या माळ्यावर निघेल अशी आशा धरण्यापेक्षां त्यांचीं बनावट रूपें बाजारांत पुष्कळ फिरतात हें आधीं शिकवावें. श्रीमंत होण्यासाठीं ज्याला मंडळांत यावयाचें आहे त्यानें न आलेलेंच बरें.

नवीं तिकिटें हवीं असणारांसाठीं टपाल खात्याचीच सोय आहे. पुण्याच्या मुख्य टपाल कचेरींत फिलाटेलिक ब्युरो आहे. तेथें निदान २०० रुपये भरून ठेव-खातें उघडलें कीं नवीं तिकिटें व प्रथम दिवसाचीं पाकिटें निघतील तशीं घरीं येतात. शाळांनीं तर याकडे विशेष लक्ष द्यावें. टपाल खात्यानें २०१७ सालीं ‘दीनदयाळ स्पर्श’ ही योजना काढली. तिच्याप्रमाणें सहावी ते नववीच्या ज्या विद्यार्थ्यास मागील परीक्षेंत निदान ६० टक्के गुण आहेत, आणि जो शाळेच्या तिकीट-मंडळाचा सभासद आहे किंवा ज्याचें स्वतःचें ठेव-खातें आहे, त्याला प्रश्नमंजूषा व लहानसा प्रकल्प यांच्या आधारें वर्षास ६००० रुपयांची शिष्यवृत्ति मिळूं शकते. अनुसूचित जाति-जमातींच्या विद्यार्थ्यांस गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. प्रत्येक टपाल मंडलांत प्रत्येक इयत्तेस १० प्रमाणें जास्तींत जास्त ४० शिष्यवृत्त्या असतात. यांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, शाळेंत मंडळ असणें हा स्वतःच एक पात्रतेचा मार्ग आहे. एका उत्साही शिक्षकानें चार मुलें जमविलीं तर ही वाट सगळ्या शाळेला खुली होते. पुढें ज्याला हुरूप येईल त्याच्यासाठीं जिल्ह्याचीं व राज्याचीं प्रदर्शनें आहेतच. प्रदर्शनाच्या एका चौकटींत सोळा पानें मावतात. सोळा पानांत एक विषय सुसूत्र मांडणें ही निबंधलेखनाचीही उत्तम तालीम आहे.

आणि विषयासाठीं लांब जाण्याचें कारण नाहीं. निगडीच्या चौकांत शिवछत्रपति व तुकोबा यांचें ‘भक्ति-शक्ति’ शिल्प उभें आहे. शिवरायांचें तिकीट १९६१ सालीं निघालें, राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचें १९७४ सालीं, तुकोबांचें २००२ सालीं. चिंचवडचे चापेकर वर सांगितलेच. आकुर्डीच्या कारखान्यामुळें बजाज हें नांव येथें घरोघरीं झालें; त्या उद्योगघराण्याचे प्रवर्तक जमनालाल बजाज १९७० सालच्या तिकिटावर आहेत. पुण्याकडे वळावें तर टिळक १९५६ सालच्या, आणि महर्षि धोंडो केशव कर्वे १९५८ सालच्या. अण्णासाहेबांचें तिकीट १८ एप्रिल १९५८ रोजीं, त्यांच्या शंभराव्या वाढदिवशीं निघालें, आणि तेव्हां ते स्वतः हयात होते. स्वतंत्र भारतांत हयातींत तिकिटावर येण्याचा मान प्रथम त्यांना मिळाला. विधवांच्या शिक्षणासाठीं ज्यांनीं समाजाचा बहिष्कार सोसला, त्यांचा चेहरा शंभराव्या वर्षीं देशभरच्या पाकिटांवर फिरला, ही गोष्ट आपल्या मुलींना या निमित्तानें अवश्य सांगावी. एवढींच तिकिटें नीट लावलीं तर पहिल्या सोळा पानांची तयारी होईल.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल त्यांना माझी विनंति एवढीच आहे. ती विकूं नका असें मी म्हणत नाहीं, जपाच असेंही नाहीं. मात्र रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं एकदां ती चौघांसमोर उघडा. त्यांत एक लहान मूल असूं द्या. आणि आपण स्वतः संग्राहक असाल तर पुढचें तिकीट घेण्याआधीं मागच्या दहांविषयीं दोन-दोन ओळी लिहून ठेवा. आपल्यामागें आपल्या आवडीचा अर्थ कोणी विचारील तेव्हां उत्तर देण्यास आपण असणार नाहीं.

आमच्या मंडळास अजून नांव नाहीं. गेल्या महिन्यांत वहिनींच्याच ओसरीवर आम्ही सहाजण बसलों होतों: वहिनी, मी, तो मुलगा व त्याची धाकटी बहीण, एक निवृत्त मल्याळी गृहस्थ आणि कोपऱ्यावरच्या शाळेंतील एक शिक्षिका. मल्याळी गृहस्थांनीं वडिलांचें पत्र आणलें होतें. मुलाला नोकरी लागली हें कळल्यावर लिहिलेलें. त्यांतलें एक अक्षर आम्हांला वाचतां येईना. त्यांनीं तें वाचून दाखविलें, मग मराठींत सांगितलें, आणि सांगतां सांगतां मध्येंच थांबले. घाई कोणी केली नाहीं.

वह्यांचें काय करावयाचें याचा निकाल वहिनींनीं स्वतःच लावला. सहा वह्या मंडळास. मुलांनीं त्यांतून शिकावें. सातवी त्या नव्या जागेंत आपल्याबरोबर नेणार आहेत. ती देतां येणार नाहीं हें सांगतांना त्या थोड्या ओशाळल्या; ओशाळण्याचें कांहींच कारण नव्हतें. ट्रंकेंतून आठ पत्रें काढून त्यांनीं तारखा जुळविल्या, आणि वाईच्या त्या पानाखालीं सातवींतल्या मुलाकडून, त्यांच्या सांगण्यावरून, तीन ओळी लिहवून घेतल्या: कोणी पाठविलीं, कोणाला, आणि त्या वेळीं काय चाललें होतें. सात वह्यांत तेवढ्याच ओळी आहेत. अक्षर मुलाचें आहे आणि ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका आहेत. मीं त्या सुधारल्या नाहींत.